राजाचे केस

नाटक कंपनी बंद पडली तेव्हा मी म्हातारा होतो, म्हणून लोक मला निवृत्त म्हणाले. आमचा टोपवाला अजून पन्नाशीलाही आला नव्हता. तो बेकार ठरला. त्यानं एकेक केस गुंफून बनवलेले टोप घालून मी जन्मभर राजा झालो. टोप उतरवल्यावर खाली काय उरायचं, ते त्याला आणि माझ्या बायकोलाच ठाऊक.

तो नोकरी शोधायचा, म्हणजे उरल्यासुरल्या नाटक कंपन्यांना फोन करायचा. नकार आला की मी त्याच्या घरी जाऊन भाषण ठोकायचो. कलावंतानं परक्या दाराशी जायचं नसतं, आपली कंपनी पुन्हा उभी राहील, वगैरे. भाषण झकास व्हायचं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्यापुढे चहा आदळायची. फीअभावी त्यांच्या मुलीचं कॉलेज सुटायची वेळ आली होती.

एके दिवशी मी तिथे असतानाच त्याचा फोन वाजला. त्यानं जिथे नाव आणि शोधाची सगळी माहिती नोंदवली होती, त्या रोजगार कार्यालयाचा मेसेज होता.

"राजे, टोपात हात गुंतलेत. तेवढं वाचता का?"

मी उभा राहिलो. कुणी वाच म्हटलं की मी उभाच राहतो. खर्जात सुरुवात केली, मधे एक जीवघेणा विराम घेतला आणि शेवटी आवाज असा चढवला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"झालं?" वहिनी म्हणाली. "काय लिहिलंय मग?"

मला सांगता येईना.

"आता साधं वाचा," टोपवाला म्हणाला. "किराण्याची यादी वाचतात तसं."

साधं वाचायचं म्हटल्यावर मला घाम फुटला. तरी वाचलं. 'तुम्ही आतापर्यंत फक्त नाटक कंपन्यांकडे काम शोधलं आहे. तुमच्यासारखं काम येणाऱ्या अनेकांना इस्पितळांत काम मिळालं आहे. उपचारांत केस गेलेल्या रुग्णांसाठी तिथे टोप लागतात. तुमच्या शहरातल्या अशा एका इस्पितळाचा पत्ता सोबत आहे.'

टोपवाल्याची सुई थांबली. "असंही काम असतं हे कुणी बोललंच नाही मला."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या इतक्या भाषणांत एकही पत्ता नव्हता.

इस्पितळात दाखवायला नमुना हवा होता. त्याच्या हातातला टोप माझ्या पुनरागमनासाठी, माझ्याच हट्टापायी बनत होता. त्यानं कात्री उचलली आणि खांद्यावर रुळणाऱ्या राजाच्या बटा कानापर्यंत आणल्या. मी तोंड फिरवलं. इतका अस्सल शोक मला रंगमंचावर कधी साधला नव्हता.

दोन दिवसांनी तो घरी आला तो हसतच. काम मिळालं होतं. वहिनीनं प्रथमच माझ्यापुढे कप अलगद ठेवला.

"तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा मुळात कुणासाठी केला होता. म्हटलं, एका राजासाठी. तर म्हणाल्या, राजांना काय आजार?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, प्रकृती ठणठणीत आहे. फक्त नाटक संपलंय हे अजून कुणी साध्या आवाजात सांगितलेलं नाही."