नेरूरकर काका आणि परबांची वंशावळ

नवीन माणूस भेटला की नेरूरकर काका आधी त्याच्या नाकाकडे बघायचे आणि मग विचारायचे, "मूळ गाव कुठलं?" वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ते एकटेच राहत. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद होता, लोकांच्या वंशावळी जुळवायचा. तिसऱ्या मजल्यावरचे दळवी आणि कोपरहून येणारी त्यांची स्वयंपाकाची बाई एकाच पणजोबांची पतवंडं निघाली, तेव्हा आठवडाभर कुणाला दुसरा विषय नव्हता. "माणूस आडनाव बदलतो गं, नाक बदलत नाही," काका म्हणायचे.

माझे वडील, आप्पा, मात्र त्यांना टाळायचे. जिन्यात काकांचा आवाज आला की दार लावून घ्यायचे. "त्याला आपलं काही सांगू नकोस," असं मला बजावताना त्यांचा आवाज कापायचा. काय सांगायचं नाही हेच मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे भीती जास्तच वाटायची.

एका सकाळी काकांनी मला खाली बोलावलं. आदल्या दिवशी ते कल्याणला, माझ्या आजोबांच्या जुन्या सोबत्याच्या घरी जाऊन आले होते. पुढ्यात वंशावळीचा कागद पसरलेला होता.

"तुझे आजोबा आंबेरकर नव्हेत, परब. गावी बायको आणि तान्ही मुलगी टाकून इकडे आले. आडनाव बदललं, दुसरं लग्न केलं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "ती मुलगी म्हणजे माझी आई."

"काका, आप्पांना नका सांगू. त्यांचं बायपास झालंय."

"मलाही भीती वाटतेय गं. आई मरेपर्यंत वाट बघत होती. त्या माणसाच्या घरच्यांना गाठून चार शब्द सुनवायचे, म्हणून इतकी वर्षं शोधत राहिलो. आणि निघाला कोण, तर तुझा बाप. त्याने दारच नाही उघडलं तर?"

तरी ते जिना चढले. मी मागून, कठडा घट्ट धरून. आप्पांनी दार उघडलं आणि काकांच्या हातातला कागद बघून पांढरेफटक पडले.

चार शब्द राहिलेच. काकांच्या तोंडून गावची बोली निघाली, "मामा, मी तुमच्या भयणीचो झील."

आप्पा चौकटीला धरून उभे राहिले. "बाबांनी जाताना सांगितलं होतं. शोधायचं धैर्य नाही झालं रे. ताई आहे?"

"गेली."

आप्पा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. काका त्यांच्याशेजारी उंबऱ्यातच बसले.

पुढची दोन वर्षं मामा-भाचे रोज एकत्र जेवले. गेल्या माघात काका गेले. आप्पांनी सुतक पाळलं, तेव्हा दळव्यांनी विचारलं, "नेरूरकर तुमचे कोण लागायचे?"

आप्पा बिल्डिंगभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा."