एस्टिमेटमध्ये काय काय मोजायचं?

एवढुशा ऑफिसात किस्से कुठून येणार, असं लोकांना वाटतं. अहो, बीडमध्ये सॉफ्टवेअर बनवून बघा, ठेवायला जागा पुरत न्हाई!

आमची बरीचशी कामं उशिरा जायची. शेवटी तेलगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेठनं दम दिला, "यंदा तारीख हुकली तर काम पुण्याला!" ते गेलं असतं तर आमचं ऑफिसच बंद. आमच्या वंदनाताई तर सासू-सासऱ्यांसाठी पुण्याची नोकरी सोडून आलेल्या. त्यांना लई घोर लागला. म्हणून जुन्या कामांवरून नव्या कामाचा वेळ सांगणारं मॉडेल त्यांनी बनवायला घेतलं. प्रश्न एकच, व्हेरिएबल कोणते घ्यायचे, म्हणजे वेळ कशाकशानं कमी-जास्त होतो?

* * *

पहिला विचार, स्क्रीन किती ते मोजू. तर सगळ्यात रखडलेलं काम निघालं एका स्क्रीनचं! तिथले मालक चौघं भाऊ, प्रत्येकाला बटण वेगळ्या जागी हवं होतं.

"आता गिऱ्हाइकाचे भाऊबी मोजायचे का बे?" आमच्या गजाननानं मला विचारलं.

ताईंनी खरंच मोजले. अंदाज सुधारला की!

* * *

मग अनुभव. गजानन आमच्यात सगळ्यात जुना. मॉडेल म्हणालं, गजानन असला की काम लांबतं! त्याचं तोंडच उतरलं.

"मग मी एवढं शिकलो कावून?"

नीट बघितलं, तर आमी सगळे ऊठसूट त्यालाच विचारायला जायचो. त्याचं स्वतःचं काम तसंच पडून राहायचं.

* * *

पोरं पावसाळ्यात कपिलधारच्या धबधब्याला जातात म्हणून उशीर होतो, असं आमच्या मालकांचं, म्हणजे सरांचं ठाम मत. ताईंनी तपासलं. फरक शून्य!

"मग दर आठवड्याला जाऊ की!" गजानन म्हणाला.

* * *

एवढं करूनही अंदाज थोडा हुकायचाच. काय राहिलं असेल, या विचारानं मलाही चैन पडेना. शेवटी ताईंना सापडलं आणि घाबरत घाबरत त्यांनी सरांना सांगितलं. जिथं सरांनी स्वतः फोनवर तारीख दिली, ते प्रत्येक काम उशिरा गेलेलं!

मला वाटलं, संपलं आता, ताईंची नोकरी गेली. तेवढ्यात जिनिंगच्या शेठचाच फोन! सरांनी स्पीकर लावून तो ताईंपुढं धरला. "तुमीच बोला, बाई. मी आलो पाणी पिऊन."

"चार महिने लागतील, शेठ." ताई म्हणाल्या.

दारातून सर ओरडले, "तीन म्हणा की!"

"कोण ओरडलं?" शेठनं विचारलं.

"आमचा सगळ्यात मोठा व्हेरिएबल, शेठ."

आवाज ओळखून शेठ खो खो हसले. "चार तर चार! पण त्याच्या हातात फोन देऊ नका बरं!"