चर्चच्या पायरीवरचा वाद

नांदेडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. रोमच्या साम्राज्याचा पेपर माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. त्यात ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन-चारशे वर्षांना एक उपघटक दिलाय आणि गाईडवाल्यानं तो दीड पानात उरकलाय. छळ झाला, बादशहा ख्रिस्ती झाला, धर्म पसरला, विषय संपला. मला मात्र त्या दीड पानाचाच नाद लागला. येशू देव की देवानं घडवलेला, यावरून तेव्हा भर बाजारात लोक हमरीतुमरीवर येत. पावाचा भाव विचारला तर पाववाला भाव सांगायचं सोडून बाप मोठा की पुत्र ते ऐकवत बसायचा. हे वाचून मला त्या लोकांचा हेवा वाटायचा. आमच्या स्टाफरूममध्ये लोक फक्त वेतन आयोगावर बोलतात, आणि तो मला लागूही नाही.

खोलीवर मी एकटी राहते. आई लातूर जिल्ह्यात, किल्लारीजवळच्या आमच्या गावी, भावाकडे असते. माझ्या लग्नाचा विषय घरच्यांनी कधीचाच सोडून दिला. सोडला तेव्हा हायसं वाटेल असं वाटलं होतं, पण एकदम पोरकं वाटलं. रविवार तर खायला उठतो. कपडे धुवा, भाकरी थापा, दुपार जागची हलत नाही.

अशाच एका रविवारी मी मुदखेडला गेले. तिथं स्टेशनामागं एक छोटं चर्च आहे असं ऐकलं होतं. पुस्तकातली माणसं डोळ्यांनी बघावीत, एवढाच हेतू. गाडीत नांदेडच्या बाजारात फुलं विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या पायाशी घेऊन पेंगत होत्या. चर्चमध्ये गाणं चाललं होतं आणि दाराबाहेर पायरीवर एक वृद्ध गृहस्थ, टोपी मांडीवर ठेवून, तेच गाणं पुटपुटत बसले होते.

मला वाटलं, हेही माझ्यासारखेच बघे. म्हटलं, "काका, बाहेरच्यांना आत जाता येत नाही का?"

"तुमाला येतंय की. जावा. मला न्हाई येत."

"का?"

"माझी जागा हितंच हाय."

ही जागा मला माहीत होती. छळाच्या काळात भिऊन माघार घेतलेला माणूस पुढं परत आला, तर जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये त्याला थेट आत घेत नसत. काही ठिकाणी तर आधी कित्येक वर्षं दाराबाहेर उभं राहून रडायचं आणि आत जाणाऱ्यांना विनवायचं. मग दाराच्या आत येऊन नुसतं ऐकायचं. मग गुडघे टेकायचे. मग सगळ्यांबरोबर उभं राहायचं, पण प्रभुभोजनाची भाकर, येशूच्या आठवणीत द्राक्षरसाबरोबर सगळे खातात ती, घ्यायची नाही. ती अगदी शेवटी. मी हे सगळं बोलून गेले आणि वर म्हणाले, "म्हणजे तुम्ही अजून पहिल्याच पायरीवर."

ते माझ्याकडं वळले. "तुमी कोन्या मंडळीच्या?"

"कुठल्याच नाही. आम्ही शेतकरी माणसं. घरात खंडोबा."

"मंग हे कुठं शिकलाव?"

"यावरच माझी नोकरी आहे. अर्धीमुर्धी, पण आहे."

ते हसले. पुढं कळलं की ते स्वतः पाळक होते, म्हणजे एका मंडळीचे धर्मगुरू. आम्ही बोलतो त्या शतकांवर त्यांनी तरुणपणी परीक्षा दिल्या होत्या आणि तेव्हापासून त्यावर बोलायला त्यांनाही कुणी भेटलं नव्हतं. त्यानंतर माझे रविवार मुदखेडचे झाले.

त्यांची गोष्ट त्यांनी हप्त्याहप्त्यानं सांगितली. किनवटकडच्या एका गावात त्यांचं छोटं प्रार्थनाघर होतं. एकदा काही माणसं चिडून आली आणि पवित्र शास्त्राची पुस्तकं, म्हणजे बायबलं, मागू लागली. काकांनी पुस्तकांची पेटी स्वतः उचलून त्यांच्यापुढं ठेवली. बायको गेलेली, पदरी लहान मुलगी, जीव घाबरला. हे त्यांनी मंडळीच्या पंचांना सांगितलं. पंचांनी त्यांना पाळकपणावरून काढलं, वर्षभर प्रभुभोजनापासून दूर ठेवलं आणि वर्ष संपल्यावर बोलावलंही. काका गेले नाहीत.

"का नाही गेलात?" मी बऱ्याचदा विचारलं. उत्तर मिळायला एक अख्खा पावसाळा जावा लागला.

"ती मानसं निगाली होती, बाई. पेटी घेऊन. तेवढ्यात मला ध्यानात आलं, एक शास्त्र फळीवर ऱ्हायलंय. मी हाक मारली त्यास्नी. वापस बोलावलं आन् ते बी दिलं. कुनी मागितलं नव्हतं." मग म्हणाले, "हे पंचास्नी न्हाई सांगितलं. त्यास्नी जेवढं ठाव हुतं तेवढंच माफ केलं. ऱ्हायलेलं कुनी माफ करावं?"

आता ते पंच हयात नव्हते. काकांना बाहेर काढणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळं आत घेणारंही कुणी उरलं नव्हतं. मुदखेडच्या चर्चचा नवा पाळक अगदी तरुण, मनानं चांगला. दर रविवारी म्हणायचा, "काका, आत बसा ना, ऊन लागतंय." मी म्हणायचे, याला सांगून टाका एकदाचं. काका हात झटकायचे. "पोरगं हाय ते. 'चालतंय काका, झालं गेलं' म्हनून मोकळं हुईल. फुकटची माफी घिऊन मी काय करू?"

यावरून आमचं जुंपायचं. चौथ्या शतकापासून उत्तर आफ्रिकेत याच प्रश्नावर शंभराहून जास्त वर्षं दोन तट पडले होते. छळात पुस्तकं स्वाधीन करणाऱ्याच्या हातानं मिळालेली दीक्षा खरी की खोटी? एक तट म्हणे खोटी, मळक्या हातातून स्वच्छ काही येत नाही. दुसरा म्हणे, हात देणाऱ्याचा, देणं देवाचं. मी दुसऱ्या तटाची वकील. म्हणायचे, तरुण पाळकाला तुमचं सगळं माहीत असो नसो, माफी त्याची नाहीच, तो फक्त पोचवणारा. काका कायम पहिल्या तटाचे. स्वतःच्या विरोधात इतक्या जोमानं भांडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मी मुद्दा काढला की ते खोडायचे, आणि खोडला की असे खूश व्हायचे की मलाच राग यायचा. परतीच्या गाडीत मी पुढच्या रविवारचे मुद्दे जुळवत बसायचे.

दिवाळीत गावी गेले तेव्हा आईनं चुलीपुढं बसून विचारलंच, "तू बाटलीस का गं? लोक बोलायलेत. खरं सांग."

"नाही."

"मंग कशाला जातीस तिकडं?"

"बोलायला."

"बोलायला आमी न्हाई का?" आई म्हणाली. तिचा चेहरा पडला आणि मी करंज्या तळायला घेतल्या.

एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात आली होती. काका आत गेले तर पायरीवर मी एकटी उरणार. वाद मी जीव तोडून घालत होते, पण तो जिंकायची मला भीती वाटत होती.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. मुलगी लांब हैदराबादकडे, तिला पोचायला वेळ लागणार होता, म्हणून नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मीच जात-येत होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा मी मान हलवली आणि जिन्यात जाऊन रडले. मग तरुण पाळकाला फोन केला. तो दुपारीच आला. पिशवीतून त्यानं भाकरीची स्टीलची डबी आणि द्राक्षरसाची लहान बाटली काढली आणि म्हणाला, "काका, देऊ ना?"

काकांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत होते. "बाई, समदं ठाव असलेल्या तुमी एकल्याच उरलाव. सांगा. जाऊ का आत?"

मी कोण सांगणार? ना माझा बाप्तिस्मा, ना माझा त्यांच्या देवावर विश्वास. तिसऱ्या शतकात तुरुंगात छळ सोसलेली साधी माणसं डगमगलेल्यांना माफीच्या चिठ्ठ्या देत होती, तेव्हा बिशप संतापले होते की हा अधिकार यांना दिला कुणी? त्यांनी निदान छळ सोसला होता. मी काय सोसलं होतं? आणि 'थांबा' म्हणावं, अजून एक रविवार भांडू म्हणावं, असं मला अगदी आतून वाटत होतं. ते वाट बघत होते. त्यांना श्वास पुरत नव्हता.

"जावा काका," मी म्हणाले. "त्या फळीवरच्या पुस्तकासकट जावा."

पाळकाला काही कळलं नाही, पण त्यानं विचारलंही नाही. काकांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं, लहान मुलासारखं. पाळक माझ्याकडं वळून अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही घेता?"

"नाही," मी म्हणाले आणि व्हरांड्यात आले. त्यानं पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला. आतून प्रार्थना ऐकू येत होती, आणि तिच्यात काकांचा आवाज, माझ्याशी बोलताना कधीच नव्हता इतका मऊ. इतक्या रविवारांत माझा एकही मुद्दा न मानणारा माणूस माझ्या एका शब्दावर आत गेला होता. मी वाद जिंकले होते. आणि हे जिला धावत जाऊन सांगावं अशी एकच व्यक्ती मला जगात होती, ती पडद्याच्या आत होती.