आक्काच्या वाटीतलं कूट

मंगळवारी दुपारी आक्का गेली. दाजी तेव्हा स्वयंपाकघरात शेंगदाणे कुटत होते.

आक्का माझी थोरली बहीण, आणि तिच्या नवऱ्याइतका छापील अक्षरावर भरवसा ठेवणारा माणूस पूर्णा जंक्शनात दुसरा झाला नसेल. दाजी रेल्वेत गार्ड होते. कागदाशिवाय गाडी हलू द्यायची नाही हा नियम निवृत्तीनंतर त्यांनी घराला लावला. केळीची साल दातांना चांगली असं पेपरात आलं, तेव्हा ते आठवडाभर साल घासत अंगणात उभे राहिले. वाण्यानं एकदा गंमत केली, "गार्डसाब, आज पेपरात आलंय, पाणी पिऊ नका म्हणून." दाजी म्हणाले, "कोणत्या पानावर?"

आक्काला गाठ निघाली, नांदेडला उपचार सुरू झाले, आणि त्याच दिवसांत दाजींनी वाचलं की प्रयोगशाळेतल्या उंदरांना ई जीवनसत्त्व भरपूर दिल्यावर त्यांच्या गाठी सावकाश वाढल्या. कात्रण त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवलं. "हे उंदरांत दिसलंय, माणसांत अजून सिद्ध नाही. औषध मात्र चुकवू नका," डॉक्टर म्हणाले. दाजींनी औषध कधीच चुकवलं नाही. शिवाय ई जीवनसत्त्वासाठी शेंगदाणे सुरू केले, आणि ज्या उंदरांशी जन्मभर वैर केलं त्यांचे पिंजरे माळ्यावर टाकले. "आपल्यापायी त्यांच्या जातीनं जीव दिलाय," म्हणायचे.

उपचारांनी आक्काचं तोंड आतून सोललं होतं, पाणीसुद्धा झोंबायचं. "मी काय उंदीर हाय का वो?" ती विचारायची. "उंदीर असतीस तर आतापस्तोर उठून बसली असतीस," असं म्हणून दाजी कुटाची वाटी हातात देत, आणि त्यांची पाठ वळली की आक्का ती खाटेखाली रिकामी करायची. "सांगू नको त्यांना," मला म्हणाली, "लय आशेनं कुटायलेत." पुढं पुढं घरातले उंदीर तुकतुकीत दिसू लागले. भिंतीकडेनं एखादा पळाला की दाजी खुलायचे. "बघ, डब्यातलं चोरून खायलेत तर कसे गुबगुबीत झालेत. गुण हाय त्याच्यात." आक्का हसायची आणि हसताना तिचे ओठ फाटायचे.

तेराव्यानंतर आम्ही खाट हलवली. फरशीवर वाळलेलं कूट होतं, लेंड्या होत्या. दाजी बराच वेळ वाकून बघत राहिले.

"खाल्लंच न्हाई तिनं."

"गिळवत नव्हतं, दाजी."

"मग म्हणायचं होतं," ते म्हणाले, आणि केरसुणी आणायला गेले.

खाट त्यांनी पुन्हा जागेवर लावली आहे. सायंकाळी ते तिच्याखाली मूठभर शेंगदाणे ठेवतात. सकाळी तिथे काही नसतं.