दुसरबीडची शिंपी

माझी आजी गोजरबाई अख्ख्या गावाला ‘अबे’ म्हणून हाक मारायची. पोस्टमन असो की पाटील, तिच्या तोंडी सगळे ‘अबे’. फक्त एका माणसापुढं तिची जीभ बांधलेली होती, तो म्हणजे जावई. जावयाचं नाव घ्यायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ‘अहो-जाहो’ केल्याशिवाय बोलायचं नाही. बिचारीचा जीव नुसता घुसमटायचा. एकदाच तिचं तोंड सुटलं, आणि ते सुटलं म्हणून आज मी तुम्हाला हे सांगत बसले आहे.

आजीची वस्ती दुसरबीडच्या अलीकडं, खडकपूर्णेच्या काठाला. उन्हाळ्यात नदी आटली की ती वाळूत काकड्या-खरबुजांची वाडी लावायची आणि दुपारी पाण्यात उतरून शिंप्या काढायची. शिंपी म्हणजे गाळात रुतून बसलेला, दोन टरफलांत मिटलेला जीव. आतलं मांस कांदा-मसाला घालून शिजवायचं, आणि रिकामी शिंप कैऱ्या सोलायला ठेवायची. दगडावर घासून पाठीला भोक पाडलं की कैरीची साल अशी सुटते म्हणता! आजीच्या शिंपांना कुणी हात लावला तर ती घर डोक्यावर घ्यायची. आता या जिवालाही शिंपी म्हणतात आणि कपडे शिवणाऱ्यालाही शिंपी म्हणतात, यात माझ्या आजीचा काय दोष?

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, त्या वेळची ही गोष्ट. आजीची एकुलती लेक केसर, म्हणजे माझी आई, जानेफळला दिली होती. आदल्या वर्षी तिचं मूल पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते, पण पोटात अन्न ठरेना. भाकरी दिली की उलटी, दूध दिलं की उलटी. अंगातल्या चोळ्या ढगळ झाल्या. घरात कुणी बाळाचं नाव काढत नव्हतं. सासू सुभद्राबाई, म्हणजे माझी दुसरी आजी, हिनं तर तोंडाला कुलूपच लावलं होतं. बोललं की नजर लागते, अशी तिची खात्री. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि त्या माळेचा धाक सगळ्या घराला होता. मासोळीचं नावही त्या घरात कुणी घेत नसे.

एके सकाळी बाबा, म्हणजे शालिग्राम, बियाणं आणायला दुसरबीडला निघाले. आई उंबऱ्याशी आली. मागं सासू उभी, म्हणून बेतानंच म्हणाली, “मायले सांगजा, मले शिंपी पाह्यजे. दुसरबीडचीच.”

बाबा जानेफळचे. त्यांचं सगळं आयुष्य विहिरीच्या पाण्यावर गेलेलं. नदीतली शिंपी त्यांना कुठून माहीत? त्यांनी बायकोच्या ढगळ चोळीकडं पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. ‘दुसरबीडचा’च्या जागी ती ‘दुसरबीडची’ म्हणाली, ते अशक्तपणामुळं असेल, असं ठरवून त्यांनी मनातल्या मनात वाक्य दुरुस्त करून घेतलं. असा गुणी नवरा!

दुसरबीडच्या बाजारात त्यांनी निवृत्ती शिंप्याला गाठलं. सासूच्या हातचं जेवण आणि जानेफळपर्यंतचं एसटीचं भाडं कबूल केलं. निवृत्ती यायला तयार झाला, पण म्हणाला, “माह्या मानीत लचक भरली हाय पावनं, मशीन तुमी घ्या.” मग काय! गळ्यात टेप घातलेला निवृत्ती पुढं, आणि डोक्यावर शिलाई मशीन घेतलेले माझे बाबा मागं, अशी वरात भर उन्हात नदीकाठी आली.

आजी ओसरीवर पाय पसरून बसली होती. पायात बाभळीचा काटा मोडून पाऊल भोपळ्याएवढं सुजलेलं, त्यावर हळदीचा लेप. जावई दिसल्याबरोबर तिनं पदर ओढला. मग जावयाच्या डोक्यावरचं मशीन दिसलं, तसा पदर निम्मा परत खाली आला.

“जवाईबापू, हे काय घेऊन राह्यले डोक्यावर?”

“मशीन,” बाबा घाम पुसत म्हणाले. “केसरनं शिंपी मांगतला. म्हनून याले घेऊन चाललो जानेफळले. तुमाले सांगाले सांगतलं होतं.”

“तिच्या गावात शिंपी नाही का?”

“हाय ना. पन तिले दुसरबीडचीच पाह्यजे म्हने.”

आजीनं कान टवकारले. “ची म्हने का चा?”

“ची म्हने. मंग मीच सुधरून घेतलं.”

निवृत्ती खो-खो हसत भिंतीला टेकला. तो इथलाच, त्याला कळायला वेळ लागला नाही. आजीला मात्र आधी हसू आलं आणि हसता हसता एकदम रडूच फुटलं. “माय वं! माही पोरगी खायाले मांगून राह्यली! इतक्या दिसांतून पहिल्यांदा तिच्या तोंडाले चव आली, आन तुमी दर्जी घेऊन आले!”

बाबांना सगळं समजावून सांगेपर्यंत त्यांनी दोनदा ‘पण माळ?’ असं विचारलं. आजी म्हणाली, “माळ तुमच्या मायच्या गळ्यात हाय, माह्या पोरीच्या पोटात नाही.” मग एकदम तिच्या लक्षात आलं की आपण जावयाशी बोलतो आहोत. तिनं जीभ चावली आणि पदर पुन्हा कपाळापर्यंत ओढला.

पण शिंप्या काढणार कोण? आजीचा पाय पाण्यात घालण्यासारखा नव्हता. निवृत्तीनं लगेच मानेला हात लावला. राहिले बाबा. आणि बाबा तर विहिरीत बादली सोडतानासुद्धा दोर दोन्ही हातांनी धरायचे. आजीला दोघांनी धरून काठावरच्या खडकावर नेऊन बसवलं. बाबांनी धोतर खोचलं आणि भीत भीत पाण्यात उतरले.

“काय दिसते?” आजीनं विचारलं.

“पानी.”

“पान्याच्या खाली पाहा, जवाईबापू. गाळावर रेघ दिसन. कोनी बोट ओढत नेलं अशी. रेघ जिथं सरते तिथं शिंपी बसेल असते.”

रेघ सापडली. बाबांनी वरून टोक चिमटीत धरून ओढलं. शिंपी खपकन मिटली, आणि बोट राहिलं आत. बाबांनी बोंब ठोकली, हात झटकला आणि पाय घसरून गळ्यापर्यंत पाण्यात बसले.

आणि इथं आजीचं तोंड सुटलं. “अबे ए! वरून काऊन ओढतं बे? खालून घाल ना हात! गाळासकट उचल! अन् सावली नको पाडू तिच्यावर, मुक्या, सावली पाहिली का मिटते ते!” एका हातानं पदर गच्च धरलेला आणि दुसरा हात बाबांवर उगारलेला. निवृत्ती सांगायचा, डोक्यावरचा पदर एका बोटानंही हलला नाही आणि शिव्याही थांबल्या नाहीत, असा मान त्यानं दुसऱ्या कोणत्या जावयाला मिळालेला पाहिला नाही.

चमत्कार असा, की शिव्या सुरू झाल्या तसे बाबा शिकू लागले. ‘जवाईबापू’ म्हटलं की ते गोंधळायचे, ‘अबे’ म्हटलं की बरोबर हात घालायचे. उन्हाकडं तोंड करून उभं राहायचं म्हणजे सावली मागं पडते. पायाच्या अंगठ्यानं गाळ चाचपायचा, टणक लागलं की वाकायचं, दोन्ही बाजूंनी बोटं खाली घालून हलकेच उकरायचं. लहान निघाली तर परत रुतवून ठेवायची. घमेलं भरत आलं तसे बाबा रंगात आले. एक मोठी सापडली तेव्हा तर “सापडली बे!” असे सासूलाच म्हणाले. आजीनं न ऐकल्यासारखं केलं.

तसंच घमेलं घेऊन बाबा संध्याकाळच्या एसटीला निघाले, तेव्हा आजी पुन्हा कडाडली. “पोटात वाळू हाय तिच्या! अशीच खाऊ घालतं का पोरीले? एक खडा दाताखाली आला का पुन्हा उलटी, आन पुन्हा कधी मांगाची नाही ते!” मग शिंप्या स्वच्छ पाण्याच्या माठात टाकल्या. पाणी गढूळ झालं की बदलायचं, पुन्हा गढूळ झालं की पुन्हा बदलायचं. मुक्काम पडला. सकाळी माठाच्या तळाशी वाळूचा थर बसला होता आणि वरचं पाणी नितळ होतं. एखादी तोंड उघडून पडलेली दिसली तर आजी तिला टिचकी मारायला लावायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेकून दे. मग उकळायच्या कशा, उकळून जी उघडत नाही ती का खायची नाही, मांसातली काळी पिशवी दाबून कशी काढायची, मसाला किती, हे सगळं तिनं बाबांकडून पाठ म्हणून घेतलं. जन्मात चुलीपुढं न बसलेला माणूस शाळेतल्यासारखा घोकत होता. निवृत्तीनं तेवढ्यात एका चिंधीला नाडी ओवून माठाला झाकण शिवून दिलं, म्हणजे शिंप्याचंही काम झालं, आणि तो आपल्या बाजारात परत गेला.

निघताना आजीनं बाबांचा हात धरला. जावयाचा हात धरला, म्हणजे बघा! “जवाईबापू, तिच्या पोटात राह्यलं का नाही, ते मले येऊन सांगजा. राह्यलं नाही तरी येजा.”

जानेफळला माठ घरात न्यायची सोय नव्हती. बाबांनी तो मळ्यातल्या झोपडीत उतरवला आणि घरी जाऊन मायला सांगितलं, “शिंपी आला हाय. मळ्यात बसवला. केसरले माप द्यायले पाठव.”

“मळ्यात? कायले?”

“त्याले हवा लागते,” बाबा म्हणाले आणि पळाले. बाबांना खोटं बोलणं कधीच जमलं नाही, अजूनही जमत नाही.

तीन दगडांची चूल, डोळ्यांत धूर, एकेक शिंपी उघडून दाबून धुणारे बाबा. कांदा करपला, मसाला जास्त पडला. रस्सा उकळायला लागला आणि तेवढ्यात बांधावरून दोघी येताना दिसल्या. आई, आणि तिच्यामागं सुभद्राआजी. पोटुशी सून एकटी परक्या शिंप्यापुढं माप द्यायला जाईल कशी? हे बाबांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सुभद्राआजीनं चूल पाहिली, पातेलं पाहिलं, शिंपांचा ढीग पाहिला, नाकाला पदर लावला. बाबा पळी धरून तसेच गार. आईनं मात्र कुणाकडं पाहिलं नाही. वास आला तशी ती खालीच बसली आणि म्हणाली, “भाकर आनली का?” बाबांनी सासूनं बांधून दिलेली भाकरी पुढं केली. सुभद्राआजी बाहेर गेली आणि विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, पाठ करून बसली, हातात माळ.

आई जेवली. करपलेला कांदा, जास्तीचा मसाला, सगळं जेवली. भाकरीनं पातेलं पुसून घेतलं. आता होईल उलटी, मग होईल, म्हणून बाबांनी राखेची पाटीसुद्धा जवळ ओढून ठेवली. ऊन झोपडीच्या पलीकडं गेलं तरी काही झालं नाही. आई भिंतीला टेकून झोपी गेली होती.

“राह्यलं का पोटात?” बाहेरून सुभद्राआजीनं विचारलं.

“राह्यलं,” बाबा म्हणाले.

ती उठून आत आली. बाबांना वाटलं, आता उद्धार होणार. तिनं ढिगातून सगळ्यांत मोठी शिंप उचलली, विहिरीवर नेऊन राखेनं घासघासून धुतली आणि मग धावेच्या दगडावर तिचा काठ घासायला बसली. बोट फिरवायची, पुन्हा घासायची. लेकराला दूध पाजायच्या शिंपेचा काठ असा घासतात, ओठाला लागू नये म्हणून. वर्षभर ज्या बाईनं बाळाचं नाव काढलं नव्हतं ती ही. “असा पाहून नको राहू,” ती बाबांना म्हणाली, “सरपन सरलं हाय, घेऊन ये.” आणि डोळे पुसले.

बाबा दुसऱ्याच दिवशी दुसरबीडला गेले. आजी त्याच ओसरीवर, त्याच सुजलेल्या पायानं बसली होती.

“राह्यलं,” बाबा लांबूनच ओरडले. आणि जवळ येऊन म्हणाले, “मायनं एक शिंप घासून ठेवली.”

आजीला जास्त सांगावं लागलं नाही. तिनं पदर पुढं ओढला, पार हनुवटीपर्यंत, आणि आतल्या आत कितीतरी वेळ तिचे खांदे हलत राहिले. बाबा पायरीवर बसून राहिले. मग पदराआडून घोगरा आवाज आला, “आन बाकीच्या?”

“बाकीच्या काय?”

“शिंपा! फेकल्या का? अबे, कैऱ्या आल्या ना झाडाले, कायनं सोलू मी त्या?”

“आनून देतो, माय,” बाबा म्हणाले. तोवर ते तिला सासूबाई म्हणायचे.