अर्ध्या रथांचा सरदार

राफाएल नवगावकर हा काही थोर माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गँट्स हिल स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे त्याने वर्षानुवर्षं काढली, इल्फर्डमध्ये घर केलं, एक मुलगी वाढवली, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी एलिजामामांच्या डाव्या हाताला बसून पेटी वाजवली. एवढंच. पण माणसाला आयुष्यभर एकच गोष्ट हवी असली, आणि ती रोज हातभर अंतरावर दिसत असली, की साधा माणूससुद्धा काय करून बसतो ते सांगण्यासारखं आहे.

ही मंडळी बेने इस्रायल. कोकणातून मुंबईत आणि मुंबईतून लंडनला आलेले, घरात मराठी बोलणारे यहुदी. कुणाचा साखरपुडा असो, नवं घर असो, नवस फिटलेला असो, एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करायचा. गोड पोहे, त्यात भरपूर ओलं खोबरं, वर फळं रचलेली मोठी परात. आणि मलिद्याआधी कीर्तन. थाट सगळा मराठी कीर्तनाचा, साकी, दिंडी, ओवीच्या चाली, झांजा, पेटी. आख्यान मात्र योसेफाचं, दावीदाचं, नाहीतर एस्तेर राणीचं. सांगायचे एलिजा पेणकर, साऱ्या जगाचे मामा. उंच माणूस, भरदार आवाज, बघणं चष्म्याच्या वरून. गोष्ट ऐन रंगात आली की ते थांबायचे, झांजा मिटायचे आणि हळूच म्हणायचे, "आणि मग?" बायका स्वेटरचे टाके घालायच्या थांबायच्या.

राफाएल मुंबईपासून त्यांचा साथीदार. बावीस वर्षं. या बावीस वर्षांत त्याने एका जाड वहीत स्वतःचं एक आख्यान रचून ठेवलं होतं. दावीदाचं नव्हे, दावीद सगळेच सांगतात. याने निवडला जिम्री.

जिम्री कोण, हे फारसं कुणाला माहीत नसतं. बायबलातल्या राजांच्या पुस्तकात त्याला मोजून दहा-बारा ओळी आहेत. इस्रायलच्या एला राजाचा हा चाकर, अर्ध्या रथांचा सरदार. राजा तिरसा गावात आपल्या कारभाऱ्याच्या घरी पिऊन पडला असताना याने त्याला मारलं आणि गादीवर बसला. टिकला सात दिवस. सैन्याने अम्री नावाच्या सेनापतीला राजा केलं, गावाला वेढा पडला, तेव्हा जिम्री राजवाड्यात शिरला, स्वतःच्या अंगावर वाडा पेटवून घेतला आणि मेला. त्याची बाकीची हकिगत दुसऱ्या एका ग्रंथात लिहिली आहे म्हणे. तो ग्रंथ हरवला.

"कसला मेला अपशकुनी राजा निवडलात!" बायको हदासा म्हणायची. "लोक जेवायला बसायचे असतात. तुमची गोष्ट ऐकून कुणाच्या घशाखाली पोहे उतरणार?"

तिचं चूक नव्हतं. कीर्तन मंगलावर संपलं पाहिजे. ऐकणाऱ्याला जळत्या घरातून उठवून पानावर बसवायचं नाही, हे मामांचं वाक्य. राफाएलच्या आख्यानाला शेवटच सापडत नव्हता. अम्रीच्या जयजयकारावर संपवता आलं असतं, पण अम्री जिंकलेला माणूस, त्याच्याबद्दल राफाएलला काडीचं प्रेम नव्हतं.

आणि अडचण दुसरीही होती. त्यांच्यात रीत अशी, की साथीला बसणाऱ्याला स्वतः उभं राहून सांगायचं असेल तर त्याने थोरल्यासमोर दोन्ही हात पुढे करायचे. थोरल्याने आपला हात त्यात द्यायचा. धाकट्याने तो दाबून सोडायचा आणि आपली बोटं ओठांना लावायची. मग थोरला आपल्या झांजा त्याला देई. राफाएलने बावीस वर्षांत हात कधी पुढे केलेच नाहीत. मामा 'नाही' म्हणतील ही भीती होती, आणि 'हो' म्हणतील ही त्याहून मोठी. बावळटपणा, दुसरं काय!

चौऱ्याऐंशी साली मामांचं कमरेचं ऑपरेशन झालं. त्या सोमवारी संध्याकाळी वाक्रूळकरांच्या बाईंचा फोन आला.

"राफाएलभाऊ, रविवारी मुलीच्या साखरपुड्याचा मलिदा आहे. मामा तर हॉस्पिटलात. मग कीर्तन राहू दे का?"

"राहू कशाला द्यायचं? मी सांगतो," राफाएल म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्यालाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. मामांच्या झांजा मागच्या कार्यक्रमापासून त्याच्याच पेटीच्या खोक्यात होत्या. त्याने त्या काढून पुसल्या. हदासा दारात उभी राहून बघत होती.

"मामांना विचारलंत?"

"विचारतो ना. शुक्रवारी जाणारच आहे."

शुक्रवारी दुपारी तो द्राक्षं घेऊन गेला. तासभर बसला, हवेबद्दल बोलला, हॉस्पिटलच्या बेचव जेवणाला नावं ठेवली आणि परत आला. विचारलं नाही.

पण ते सात दिवस! खिडकीतून तिकिटं सरकवताना तो दिंड्या पुटपुटत होता. एक गोरी म्हातारी म्हणाली, "आज तुम्ही फार खुशीत दिसता." खुशीत? राजा होता तो.

रविवारी हॉल भरलेला होता. पुढे चाळिसेक म्हातारे-कोतारे, मागे तरुण मंडळी, त्यांना मराठी निम्मं कळायचं आणि कीर्तनातलं तेवढंही नाही. राफाएलची लेक रिव्का मैत्रिणीला सांगत होती, "डॅडींची गोष्ट आहे. लाँग आहे. पण एंडला फूड येतो." पेटीवर वाक्रूळकरांचा कुणी भाचा बसवला होता.

खोटं कशाला बोला, राफाएलने सुरुवात झकास केली. अर्धे रथ तिरसाच्या रस्त्याने धावले तेव्हा म्हाताऱ्यांच्या माना डोलू लागल्या. राजा झोकांड्या खातो तिथे मागची पोरंसुद्धा हसली. राफाएलला वाटलं, हेच ते. यासाठीच इतकी वर्षं. आणि त्या भरात तो वेढ्यापर्यंत आला, राजवाड्यात शिरला, आणि त्याने आग लावली. खांब कोसळले. छत आलं. पुढे काय? पुढे वहीत काहीच नव्हतं. तो झांजा धरून नुसता उभा राहिला.

पहिल्या रांगेत बथशेबाताई बसल्या होत्या, सगळ्यांत वडील. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अरे राफाएल, पोरीच्या साखरपुड्याला आग कसली लावतोस? विझव की मेल्या!"

कुणी हसलं. वाक्रूळकरांच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि परात घाईघाईने पुढे आणली. मंगल झालंच नाही. नवऱ्यामुलाची आई तोंड आंबट करून खोबरं चावत बसली.

त्या दिवसापासून इल्फर्डमध्ये त्याचं नाव पडलं जिम्री. दुकानात, सिनेगॉगच्या पायरीवर, लग्नात. "काय जिम्री, आज काय जाळलंस?" राफाएल हसून घ्यायचा.

मामा बरे होऊन आले. बोलले काहीच नाहीत. रागावले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर प्रकरण मिटलं असतं. पण त्यांनी वेम्बलीहून नव्या झांजा आणल्या आणि पुढच्या मलिद्याला साथीला वाक्रूळकरांचा भाचा बसवला. जुन्या झांजा परत मागितल्या नाहीत, आणि राफाएलने त्या नेऊन दिल्या नाहीत. खोक्यात पडून राहिल्या.

नऊ वर्षं.

नऊ वर्षं राफाएल चौथ्या-पाचव्या रांगेत बसून मामांचं कीर्तन ऐकत होता. समोरून. तोवर त्याने मामांना फक्त बाजूने पाहिलेलं, एक कान, एक गाल आणि हलणारी कोपराची बाही. समोरून ते परके वाटायचे. भाच्याचा सूर चुकला की राफाएलची बोटं गुडघ्यावर आपोआप खरी पट्टी दाबायची. हदासा त्याचा हात धरून ठेवायची. आणि गंमत म्हणजे आता त्याला गादी स्वप्नातही नको होती. हवी होती ती जुनी जागा. ती बाही.

"जा आणि हात पुढे करा," हदासा दर सणाला म्हणायची. "तुम्ही दोघं म्हातारे असेच मराल, मी सांगते."

"काय तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं आणणार कुठून?"

त्र्याण्णव साली बातमी आली की मामा कायमचे निघाले, मुलीकडे, इस्रायलला अश्दोदमध्ये. समाजाच्या मंडळाचे लोक राफाएलकडे आले. "मामांनंतर आता तुम्हीच. दुसऱ्या कुणाला येतं?" म्हणजे नऊ वर्षांनी राज्य आपण होऊन चालत आलं, आणि राफाएलने 'उद्या सांगतो' म्हणून त्यांना वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हदासाने झांजांचं फडकं त्याच्या हातात कोंबलं आणि त्याला अक्षरशः दाराबाहेर काढलं.

मामांच्या घरात खोक्यांचा ढीग होता. मामा खिडकीशी खुर्चीत बसलेले. कमरेने पुन्हा त्रास द्यायला सुरुवात केली होती.

"ये, जिम्री," ते म्हणाले.

राफाएलने फडकं टेबलावर ठेवलं. "मामा, तुमच्या झांजा."

"दिसतंय. नऊ वर्षं पुसत होतास वाटतं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्या शुक्रवारी हॉस्पिटलात द्राक्षं घेऊन आलास, आठवतं?"

"आठवतं."

"तुझं बोट पलंगाच्या दांडीवर दिंडी वाजवत होतं. माझं ऑपरेशन कमरेचं झालेलं, कानांचं नव्हे. आणि वाक्रूळकरीण बुधवारीच मला सांगून गेली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलायचं? हात पुढे कुणी करायचा? मी आपला हात पांघरुणाबाहेर काढून ठेवला होता, गाढवा. तासभर. नर्सने दोनदा आत घातला, मी दोनदा बाहेर काढला. आणि तू द्राक्षं धूत बसलास."

बाहेर रस्त्यावर आइस्क्रीमची गाडी घंटी वाजवत गेली.

"सांग आता," मामा म्हणाले.

"काय?"

"तुझा जिम्री. सगळ्या इल्फर्डने ऐकला, मी सोडून."

मामांनी खोक्यांच्या ढिगातून घरची जुनी पेटी पुढे ओढली. त्यांना पेटी धड येत नव्हती, कधीच आली नव्हती. एकच सूर धरून ते भाता हलवत बसले. राफाएल खोक्यांच्या मधे उभा राहिला आणि सांगू लागला. रथ धावले, राजा झोकांड्या खात पडला, वेढा पडला. जिम्री वाड्यात शिरला, आणि मामांचा भात्यावरचा हात थांबला.

"थांब. सात दिवस राज्य केलं म्हणतोस. काय केलं त्याने सात दिवस?"

"लिहिलेलं नाही, मामा. तो ग्रंथ हरवला."

"ग्रंथ हरवला, तू कुठे हरवलायस? तू होतास की सात दिवस. काय केलंस?"

राफाएलने कीर्तनाची चाल सोडली. मग तो साधंच बोलू लागला. "सोमवारी झोप लागली नाही. मंगळवारी खिडकीत बसून लोकांकडे बघितलं, म्हटलं, यांना ठाऊक नाही कुणाच्या हातून तिकीट घेताहेत. गुरुवारी आरशासमोर तुमच्यासारखा चष्म्यावरून बघून पाहिलं. हदासा हसली."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी तुमच्याकडून परत जाताना बसमध्ये वाटलं, रविवारी मी वळून बघेन तेव्हा तिथे कोण असेल? मामा, मला तुमची गादी हवी होती. आणि तुम्हीही हवे होतात. समोर, ऐकायला."

मामांनी नाक ओढलं. "हे घाल त्यात. शुक्रवारी जिम्रीला एला राजाची आठवण झाली. ज्याला मारलं, त्याचीच. हे सांगितलंस की पुढे खुशाल आग लाव. लोक जेवतील."

मग राफाएलने दोन्ही हात पुढे केले. मामांनी आपला हात त्यात ठेवला. हलका झाला होता, नुसती हाडं. राफाएलने तो दाबला आणि सोडायचा विसरला.

"सोड. विमान आहे मला," मामा म्हणाले. "आता माग."

"झांजा द्या, मामा."

मामांनी फडकं सोडलं, जोडीची दोरी सोडली, एक झांज त्याच्या हातात दिली आणि दुसरी आपल्या बॅगेत, कपड्यांच्या घडीखाली सरकवली.

"अहो, एकीचं मी काय करू?"

"मी तरी काय करणार आहे? अर्ध्या रथांचा सरदार ना तू? मग अर्धेच मिळतील."

पुढच्या महिन्यात मलिदा होता, कुणाच्या तरी नव्या घराचा. पुढे चाळिसाऐवजी सोळा म्हातारे. मागे रिव्का, आता तिच्या कडेवर तिचं बाळ. बथशेबाताई वॉकर घेऊन पहिल्या रांगेत. "जिम्रीच सांग," त्या म्हणाल्या. "पण जपून रे."

राफाएलने सांगितला. शुक्रवार आला. जिम्री तिरसाच्या वाड्यात एकटा बसला होता, मारलेल्या राजाची आठवण काढत, आणि राफाएल सवयीने नव्हे, मुद्दाम डावीकडे वळला. वाक्रूळकरांचा भाचा नोकरीसाठी ग्लासगोला गेलेला. खुर्चीवर मिटलेली पेटी तेवढी होती. त्याने खिशातून एकटी झांज काढली आणि तळहातावर मारली. आवाज असा आलाच नाही, नुसती थाप.

पुढच्या रांगेत स्वेटरच्या सुया थांबल्या. हदासाने मान खाली घातली.

"आणि मग?" बथशेबाताईंनी मामांसारखंच हळूच विचारलं.