देशमाने साहेबांची हिरवाई

देशमाने साहेब खुर्चीवर बसण्याआधी खिशातला पांढरा रुमाल काढून ती पुसत. रुमाल काळा व्हायचा. काळा भाग आत जाईल अशी घडी घालून ते तो पुन्हा खिशात ठेवत आणि म्हणत, "इथली हवा म्हणजे औषध आहे हो, गुरुजी!" हे सगळं आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, माझ्या डोळ्यांदेखत चाले.

देशातल्या एका बड्या पोलाद कंपनीचा कारखाना देवरीकडच्या रानालगत, आमच्या गावाशेजारी उभा राहिला आणि साहेब तिचे पर्यावरण अधिकारी म्हणून आले. पर्यावरण म्हणजे झाडं आणि झाडं म्हणजे हिरवा रंग, इथवर त्यांचा अभ्यास झाला होता. धान काळवंडलं अशी तक्रार आली की ते सांगत, "अहो, लोह आहे ते. पिकाला फुकटचं टॉनिक!" कोणी जास्त बोललं तर "सकारात्मक बोला, सकारात्मक" हे पालुपद ठरलेलं. सुरुवातीला मला या माणसाची गंमत वाटे. नंतर नुसता संताप येऊ लागला.

मोहाचे दिवस होते. शाळेमागे एकटी राहणारी फुलनबाई पहाटे रानातून मोहफुलं वेचून आणी आणि सारवलेल्या अंगणात वाळत घाली. पावसाळ्यात तिची चूल त्या फुलांच्या विक्रीच्याच भरवशावर पेटे. त्यांवर कारखान्याची काजळी बसे, ती बिचारी सुपात पाखडत राही. नेमकं तेव्हाच वरून पाहणीचं पथक येणार होतं आणि रस्त्याकडेची झाडं काळी पडलेली. साहेबांनी टँकर मागवून पाइपाने झाडं धुवायला लावली. तेवढ्यावर थांबते तर ते देशमाने कसले! अंगणातली काळपट फुलं दिसली आणि त्यांच्यातला परोपकारी जागा झाला. "हेही धुऊन टाका रे!" त्यांनी फर्मावलं.

फुलनबाई ओरडत धावली, "काऊन जी पानी मारून राहिले? वाळत आला न माहा मोहा!"

"अहो बाई, स्वच्छ होतोय. आपण भाजी नाही का धूत?"

शेजारच्या अंगणांतही त्यांनी ही सेवा पार पाडली. पथक आलं, हिरवी झाडं पाहून, चहा पिऊन गेलं. मोहा मात्र आंबला, त्याला बुरशी धरली. रानातली फुलंही तोवर गळून संपली होती. मी जाब विचारायला गेलो, तर साहेब म्हणाले, "आंबला? मग दारू तरी होईल की!" आणि स्वतःच खो खो हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. त्या पावसाळ्यात फुलनबाई या वयात, गुडघे धरून, परक्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला गेली.

साहेबांना बढती मिळाली, दुसऱ्या राज्यातल्या याहून मोठ्या कारखान्यावर. निरोपाचा कार्यक्रम शाळेतच झाला. शाल, नारळ, फोटो सगळं यथासांग पार पडलं. गावातल्या कुणीतरी चार शब्द बोलावेत, असा साहेबांचाच आग्रह होता. मग फुलनबाई उठली.

"साहेब, आता जिथं जासान, तिथल्या लोकाईले आदी सांगजा का तुमी येऊन राहिले."

साहेब खूश झाले. "नक्की, नक्की! म्हणजे स्वागताची तयारी करतील, असंच ना?"

"नाई जी," फुलनबाई म्हणाली. "वाळत घातलेलं घरात भरून घेतीन."